फुगा कुणाचा फुटतो?

विनोद खोसला हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. जन्म पुण्यातला, १९५५ चा. दिल्लीच्या आयआयटीतून अमेरिकेला गेले, १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि पुढे नवनव्या कंपन्यांत पैसे घालणं हाच त्यांचा व्यवसाय झाला. ओपनएआयमध्ये त्यांच्या फंडाने २०१९ मध्येच पैसे घातले. चॅटजीपीटी आलं २०२२ च्या अखेरीस. तेव्हा माणूस दूरचं बघणारा, यात वाद नाही.

एआयचा फुगा झालाय का, यावर त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शेअरच्या किमतीत दिसते ती लोकांची हाव आणि भीती. बघायचं ते वापर वाढतोय की नाही. २००० साली शेअर कोसळले, पण इंटरनेटवरची वर्दळ काही थांबली नाही. एआयमधल्या बहुतेक गुंतवणुका बुडतील हेही ते मोकळेपणाने सांगतात, पण एकूण कमाई बुडितापेक्षा जास्त होईल म्हणतात.

पटण्यासारखं आहे. पण हे गणित कुणाचं?

त्यांच्याच कारकिर्दीतली एक कंपनी घेऊ. ज्युनिपर नेटवर्क्स. इंटरनेटवरची वाहतूक इकडून तिकडे वळवणारी यंत्रं बनवायची. १९९६ मध्ये निघाली. खोसला तेव्हा क्लायनर पर्किन्समध्ये होते. त्यांनी अगदी सुरुवातीला काही दशलक्ष डॉलर घातले, त्याचे काही वर्षांत अब्जावधी झाले. १९९९ मध्ये शेअर बाजारात आला, २००० मध्ये दोनशे डॉलरच्या वर गेला आणि २००२ मध्ये दहाच्याही खाली! कंपनी बोगस नव्हती हो. यंत्रं उत्तम, वर्दळ वाढती. २०२५ मध्ये ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझने ती विकत घेतली, शेअरला ४० डॉलर देऊन. म्हणजे दोनशेला घेऊन बसलेल्याला पंचवीस वर्षांनीसुद्धा मुद्दल मिळालं नाही. (मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, पण एवढी वजाबाकी येते.)

खोसला आधी शिरतात, शंभर ठिकाणी शिरतात. नव्वद बुडाल्या तरी एखादी ज्युनिपर सगळं भरून काढते. आपण शिरतो ते वर्तमानपत्रात मथळे आल्यावर. आणि थांबायला वेळ असतो का आपल्याकडे? अमेरिकेचा नॅसडॅक मार्च २००० मध्ये जिथे होता, तिथे परत यायला २०१५ उजाडलं. तिशीतला माणूस पंधरा वर्षं थांबेल. सत्तरीतला?

हे सगळं लिहायला कारण आमचा पुतण्या. कॅलिफोर्नियात एका छोट्या एआय कंपनीत आहे, पगाराचा बराच भाग शेअर्सच्या रूपात. खोसलांच्या पिशवीत शंभर चिठ्ठ्या, याच्या हातात एकच. तरी तो तरुण आहे, त्याने जरूर खेळावं. मला काळजी भाऊजींची. त्यांच्या फंडाचे पैसे पोस्टातून काढून अमेरिकन एआय शेअर्समध्ये घालायचं बापलेकांचं घाटतंय. "काकू, हे बघा," म्हणून त्याने मला खोसलांची मुलाखत पाठवली. मी पूर्ण ऐकली, आवडलीही. निवृत्त माणसाने फंडाचे पैसे इथे घाला, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही, बरं का रे. भाऊजी हा ब्लॉग वाचतात. भाऊजी, दिवाळीला बोलू, तोवर पोस्टातलं खातं मोडू नका.