बाई असल्याचा दाखला कोण देणार?

जातीच्या दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवलेल्या पोरापोरींना हे नव्यानं सांगायला नको. आज्याचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा आणा. वंशावळ आणा. १९५० च्या आधीचा पुरावा आणा. जन्मभर जात अंगावर वागवायची आणि नोकरीच्या दारात तीच पुन्हा सिद्ध करायची! पण जातीचा पुरावा निदान कागदात तरी सापडतो. बाई असल्याचा पुरावा कुठल्या पेटीत ठेवायचा?

प्रश्न हवेतला नाही. २०१८ सालच्या नाशिक ग्रामीण पोलीस भरतीत एक मुलगी उतरली. अनुसूचित जातीची. आईबाप ऊसतोड मजूर, भावंडांत ही थोरली. लेखी निघालं, ग्राउंड निघालं. मग मेडिकल. तिथं कळलं की तिला गर्भपिशवी नाही, अंडाशय नाही. पुढं गुणसूत्रांची तपासणी झाली आणि अहवालानं तिला 'पुरुष' ठरवलं. जन्मापासून मुलगी म्हणून वाढली, शाळेच्या दाखल्यापासून सगळे कागद मुलीचे. सगळं एका चिठ्ठीनं खोटं!

ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. मे २०२२ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि माधव जामदार यांच्यासमोर प्रकरण आलं. यात मुलीचा काही दोष नाही, असं न्यायालयानं म्हटलं. सरकारनंही सहानुभूती दाखवली. नोकरी देऊ म्हणाले, पण शिपायाची नाही, दुसऱ्या पदावर. पोरीला वाट मिळाली, चांगलंच झालं. पण ज्या वर्दीसाठी ती पळली ती वर्दी हुकली. आणि बाई कुणाला म्हणायचं, हा सवाल होता तिथंच राहिला.

शाळेच्या पुस्तकात सोपं असतं. एक्सएक्स म्हणजे मुलगी, एक्सवाय म्हणजे मुलगा, घंटा झाली, सुट्टी. शरीर त्या पुस्तकाला विचारून घडत नाही. पहिले काही आठवडे पोटातला गर्भ मुलाचा असो की मुलीचा, घडण एकसारखीच असते. वाय गुणसूत्रावरचा एक जनुक कामाला लागला की वृषणं बनतात. त्याचं नाव एसआरवाय, तो सापडला १९९० मध्ये. वृषणं टेस्टोस्टेरॉन तयार करतात आणि शरीरानं ते मानलं तर पुरुषाचा देह घडतो. मानलंच नाही तर? तर पेशीत एक्सवाय असूनही बाईचा देह घडतो, फक्त गर्भपिशवी नसते. उलट, एक्सएक्स असूनही जन्मतः गर्भपिशवी नसलेल्या बाया आहेतच. म्हणजे गुणसूत्र एक सांगतं, ग्रंथी दुसरं, अवयव तिसरं. यातल्या कुणाची साक्ष खरी धरायची, हे विज्ञान ठरवत नाही. ते माणसं ठरवतात. आणि ठरवणारी माणसं नेहमी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेली असतात!

बरं, गर्भपिशवीचाच न्याय लावायचा ना? मग चला बीडला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आकडा आला. ८२,३०९ ऊसतोड बायांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. कामाला खाडा झाला की मुकादमाचा दंड. पाळी आली, पोटात दुखलं, तरी खाडा तो खाडाच. मग पिशवीच काढून टाकायची. आपल्या लातूर-नांदेडच्या वस्त्या-तांड्यांवरूनही टोळ्या जातात, हे कुणाला नवं नाही. या तेरा हजार बायांना कुणी पुरुष म्हटलं? मोळी उचलताना, पहाटे फडात शिरताना, परत येऊन चुलीला फुंकर घालताना त्या बायाच होत्या. राबवून घ्यायचं तेव्हा पिशवीची चौकशी नाही. नोकरी द्यायची वेळ आली की सोनोग्राफी!

हे फक्त आपल्याकडंच नाही. तमिळनाडूची शांती सौंदरराजन, दलित वीटभट्टी मजुरांची लेक. २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरला रौप्यपदक आणलं. लिंगचाचणी झाली, पदक गेलं. पुढं ती स्वतः भट्टीवर विटा वाहत होती. धावली तेव्हा देशाची, तपासली तेव्हा कुणाचीच नाही.

एक गोष्ट स्पष्ट करू. नाशिकची मुलगी तृतीयपंथी नाही. ती स्वतःला बाई म्हणते. जिचा जन्म मुलाच्या नावानं नोंदला गेला आणि जी स्वतःला बाई म्हणते, तिची लढाई वेगळी. पण दोघींच्या दारात उभा असलेला शिपाई एकच आहे. तो म्हणतो, तू कोण हे तू सांगायचं नाही, आम्ही सांगू. हा शिपाई जुना आहे. आपला मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या राज्यानं १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, हिजड्यांची नोंदवही ठेवणारा कायदा केला. बाईचे कपडे घालून रस्त्यावर दिसला, की वॉरंटाशिवाय अटक. तेलंगणा उच्च न्यायालयानं तो रद्द केला तो २०२३ मध्ये! इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यातही एका भागात 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमाती आणि दुसऱ्या भागात हिजडे. एकाच बाडात दोघांची नोंद. आपल्याला अजून नातं कळत नसेल तर कमाल आहे.

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं नालसा निकालात सांगितलं की आपली लिंगओळख ज्यानं त्यानं ठरवायची. डिसेंबर २०२२ मध्ये पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांना जागा द्यायला मुंबई उच्च न्यायालयाला सरकारला बजावावं लागलं. न मागता यातलं काही मिळालेलं नाही.

आता आपल्यातलं. मोर्चात समतेची घोषणा आणि चहाच्या टपरीवर 'बायल्या', 'छक्का'. ही शिवी कुठून आली? ज्या तोंडानं आपल्याला जातीवरून हाका मारल्या, त्याच तोंडातून आली. ती आपण कामून उचलायची?

आमचं म्हणणं साधं आहे. भरतीत पळण्याची ताकद बघा, गोळा किती लांब जातो ते बघा. चड्डीच्या आत आणि पेशीच्या आत शिरण्याचं काम नाही. कुणाच्या शरीराचा अहवाल गावभर होता कामा नये. माणूस स्वतःला जे म्हणतो, तोच त्याचा दाखला.

विद्यापीठाच्या एका नावासाठी मराठवाडा १९७८ ते १९९४ असा सोळा वर्षं जळला. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे मारले गेले. नाव म्हणजे काय, हे ज्यांना मरून कळलं त्यांच्या नातवंडांनी दुसऱ्याला विचारू नये, की तुझं नाव तुला कुणी दिलं?

आज लातूर-नांदेडच्या मैदानांवर अंधारात भरतीसाठी पळणाऱ्या पोरींत अशी एखादी असेल. तिला स्वतःलाही ते माहीत नसेल. उद्या तिच्या हातात ती चिठ्ठी पडेल. तेव्हा मैदानाच्या फाटकाशी आपण कुणाच्या बाजूला उभे असणार आहोत, ते आजच ठरवा.