परीक्षेनंतरचे चार दिवस समुद्रकांठीं

सत्रपरीक्षेचा शेवटचा पेपर देऊन मुलें घरीं आलीं, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं पुण्यांतील पुष्कळ घरांतून एकच प्रश्न निघतो : “आम्ही चार-पांच जण मिळून हरिहरेश्वराला जाऊन येऊं का?” प्रश्न लहान, पण त्याचें उत्तर देतांना सारें घर कामाला लागतें. आजोबांना घाटाची काळजी, आजीला पाण्याची, आईला सोबत कोण कोण आहे याची, वडिलांना खर्चाची. आणि काकांचें मत असें कीं, आमच्या वेळीं परीक्षा संपली म्हणजे मुलें घरीं बसत, तीं कांहीं बिघडलीं नाहींत. शेवटीं ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ असा ठराव होऊन सभा विसर्जित होते, आणि मुलगा थोडा हिरमुसून, थोडा मनांत दुसराच बेत ठरवून आपल्या खोलींत जातो. या ‘दुसऱ्या बेता’मुळेंच हा विषय या महिन्यांत येथें घ्यावा असें आम्हांस वाटलें.

प्रथम मागणीच्या रास्तपणाविषयीं. पूर्वीं वर्षांतून एकदां येणारें परीक्षेचें संकट सत्रपद्धतीमुळें आतां दोनदां येतें. प्रात्यक्षिकें, तोंडी परीक्षा, लेखी परीक्षा असा महिना-दीड महिना मुलांच्या डोक्यावर भार असतो. झोप अपुरी, जेवण वेळीं-अवेळीं. तो भार उतरल्यावर मुलगा घरींच राहिला तर त्याला विश्रांति मिळते, असें आपण समजतों. पण अंथरुणावर पडून रात्रीं दोन वाजेपर्यंत मोबाइलकडे पाहत राहणें याला विश्रांति म्हणणें कठीण आहे. शिणलेल्या मनाला हवा असतो पालट. मोकळी हवा, चालणें, दमून येणारी झोप आणि समवयस्कांचा सहवास हीं चारहि औषधें समुद्रकांठीं एका ठिकाणीं मिळतात.

समुद्रच कां, असें कोणी विचारील. पुणेंकरांना तरी हें विचारण्याचा फारसा अधिकार नाहीं. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट घाट चढून वर आले आणि १७१३ मध्यें पेशवे झाले. नाना फडणविसांच्या भानु घराण्याचें मूळ गांव वेळास. लोकमान्य टिळकांचें मूळ गांव दापोलीजवळचें चिखलगांव. आपल्यापैकीं किती तरी घराण्यांचें कुलदैवत अजून घाटाखालींच आहे. महर्षि अण्णासाहेब कर्वे हे दापोली तालुक्यांतील मुरूडचे. सरकारी परीक्षेस बसण्याकरितां ते सोबत्यांबरोबर सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास गेले, आणि तेथें ‘वय लहान दिसतें’ म्हणून त्यांना परीक्षेस बसूंच दिलें नाहीं. तोच मुलगा पुढें फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचा प्राध्यापक झाला आणि १९५८ मध्यें भारतरत्न ठरला. त्या काळीं मुलें समुद्रकांठाहून परीक्षेला चालत येत. आतां परीक्षा आटोपून समुद्रकांठीं मोटारीनें जातात. आपल्या आजोबा-पणजोबांची भूमि चार दिवस डोळ्यांखालून घालावी, ही इच्छा नातवंडांना झाली तर तींत वावगें कांहीं नाहीं.

परंतु वडील मंडळींच्या मनांत जी भीति असते तीहि पोकळ नव्हे. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं पुण्यांतील एका महाविद्यालयाची सहल रायगड जिल्ह्यांतील मुरूड-जंजिऱ्यास गेली असतां चौदा विद्यार्थी समुद्रांत बुडून मरण पावले. हंसत-खेळत निघालेलीं तीं मुलें परत आलीं नाहींत. तो दिवस ज्यांना आठवतो, त्यांच्या तोंडून ‘नको’ हाच शब्द प्रथम निघाला तर त्यांना दोष देतां यावयाचा नाहीं.

तथापि आमचें म्हणणें असें आहे कीं, या भीतीचें उत्तर बंदी हें नव्हे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला बंदी केली, तर तो एक तर मनांतून कुढतो, नाहीं तर ‘मित्राकडे अभ्यासाला जातों’ असें सांगून निघतो. जो सांगून गेला त्याचा ठावठिकाणा घरांत माहीत असतो. जो न सांगतां गेला त्याला कोठें शोधावयाचें, हेंहि घरच्यांना ठाऊक नसतें. म्हणून ‘जा’ किंवा ‘नको’ एवढ्यावर न थांबतां मुलाला समुद्राची ओळख करून देऊन मग पाठवावें, हें अधिक शहाणपणाचें.

या ओळखीचा पहिला धडा आपल्या घरींच भिंतीवर टांगलेला असतो, आणि तो म्हणजे पंचांग. कोंकणांतील जुन्या माणसांचा एक साधा ठोकताळा आहे : पक्षांतील तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ सुमारें तितक्या वाजतां येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. भरती दुपारीं तीनच्या आणि पहांटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा वाजतां, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. चंद्राच्या गतीमुळें भरतीची वेळ दररोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. तिथीला पाऊण तास हा हिशेब त्यांतूनच आलेला आहे. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला हा ठोकताळा बराच लागू पडतो. दक्षिणेकडे वेळ कांहींशी बदलते, म्हणून तेथील कोळ्याला किंवा घरमालकाला विचारून घ्यावें हें उत्तम. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांचें आकर्षण एका रेषेंत येऊन उधाण येतें. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाचें पाणी कधीं कधीं साडेचार मीटरांच्याहि वर चढतें. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, ती त्या मानानें सौम्य. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सहा तासांच्या भरती-ओहोटींत पाणी सारख्या वेगानें हलत नाहीं. मधल्या दोन तासांत जवळ जवळ निम्मी चढ-उतार होते. त्या वेळीं खाडीच्या मुखाशीं पाण्यांत उतरणें म्हणजे वाहत्या नदींत उतरण्यासारखेंच आहे.

हें गणित मुलांना कोरडें वाटूं नये म्हणून हरिहरेश्वराचें उदाहरण सांगावें. तेथील प्रदक्षिणेची वाट देवळामागच्या डोंगराला वळसा घालून खडकांवरून समुद्रालगत जाते. लाटांनीं कोरलेले ते खडक पाहण्यासारखे आहेत यांत संशय नाहीं. पण ही वाट ओहोटीची आहे, भरतीच्या वेळीं ती समुद्राची होते. समजा, मुलें एकादशीला तेथें पोंचलीं. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळीं सव्वाआठला भरती आणि दुपारीं सव्वादोनच्या सुमारास ओहोटी. तेव्हां सकाळीं उठल्याबरोबर प्रदक्षिणेला न धांवतां दर्शन, न्याहारी आटोपावी आणि दुपारीं एकच्या पुढें, देवळांत विचारून, मग वाटेला लागावें. ज्या मुलानें हा हिशेब एकदां स्वतः करून पाहिला, तो पुढें कोणत्याहि किनाऱ्यावर आंधळेपणानें पाण्यांत शिरणार नाहीं.

दुसरा धडा परतीच्या प्रवाहाचा. लाटा किनाऱ्यावर पाणी सारखें लोटीत असतात. तें पाणी कोठून तरी परत गेलेंच पाहिजे. वाळूच्या बुडालेल्या बांधांना जेथें खिंड असते तेथून तें एका अरुंद पट्ट्यानें जोरानें समुद्राकडे धांवतें. मौज अशी कीं, याच पट्ट्यांत लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्या माणसाला तीच जागा शांत आणि पोहण्यास सोयीची वाटते. त्या प्रवाहांत सांपडलेला मुलगा घाबरून थेट किनाऱ्याच्या दिशेनें हात मारूं लागतो, प्रवाहाशीं झुंजतां झुंजतां दमतो, आणि दमला म्हणजे बुडतो. येथें शक्तीपेक्षां बुद्धि कामास येते. प्रवाह माणसाला खालीं ओढीत नाहीं, दूर नेतो. म्हणून प्रथम पाण्यावर तरंगत राहावें, हात वर करून हांक मारावी, आणि जमेल तर किनाऱ्याला समांतर, आडवें पोहत त्या अरुंद पट्ट्याच्या बाहेर यावें. मग लाटाच किनाऱ्याकडे आणतात. बाहेरच्यांनीं त्याला वांचविण्यास एकामागून एक पाण्यांत उड्या घेऊं नयेत. एक बुडतांना चार बुडतात ते याच मायेपोटीं. दोर, रिकामा डबा, चेंडू, जें तरंगेल तें त्याच्याकडे फेंकावें आणि मदत बोलवावी. ११२ हा सर्वसाधारण संकटाचा आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक, हे दोन्ही प्रत्येकाजवळ लिहून दिलेले असावेत.

‘आमच्या मुलाला पोहतां येतें’ हें समाधान पुरेसें नाहीं. तलावांतील पाणी जागच्या जागीं असतें, पाय टेकण्याची जागा ठरलेली असते. समुद्रांत दोन्ही गोष्टी क्षणोक्षणीं बदलतात. गुडघाभर पाण्याची मर्यादा, अंधार पडल्यावर पाण्यांत न जाणें, मद्य घेतलेल्या सोबत्याला पाण्यापासून दूर ठेवणें, आणि एक जण नेहमीं कोरड्या वाळूवर राहून बाकीच्यांकडे लक्ष ठेवणें, एवढे नियम पाळले तरी पुष्कळ अनर्थ टळतात.

रस्त्याविषयीं थोडक्यांत. पुण्याहून ताम्हिणी घाटानें माणगांव आणि पुढें श्रीवर्धन-हरिहरेश्वर हा सुमारें पावणेदोनशें किलोमीटरांचा प्रवास. शेवटच्या पेपरच्या आदल्या रात्रीचें जागरण डोळ्यांत असतांना त्याच संध्याकाळीं घाट उतरण्यास निघणें हें समुद्राइतकेंच धोक्याचें आहे. एक रात्र घरीं पोटभर झोप घ्यावी, उजाडल्यावर निघावें, अंधारापूर्वीं पोंचावें. एस. टी. नें गेलीं तर सर्वांत बरें. झोपहि होते आणि खर्चहि कमी.

आतां मुलींविषयीं. पुष्कळ घरांतून मुलाला रुकार मिळतो आणि त्याच वयाच्या बहिणीला नकार, आणि नकाराचें कारण मात्र समुद्र असें सांगितलें जातें. लाटेला मुलगा आणि मुलगी हा भेद ठाऊक नाहीं. भरतीचा हिशेब दोघांनाहि सारखाच करतां येतो. उतरण्याची जागा कोणती, सोबत कोण, परत केव्हां, हे प्रश्न विचारणें अवश्य आहे. पण ते मुलालाहि तितक्याच बारकाईनें विचारावे. परीक्षा दोघांनींहि दिली आहे. विश्रांतीचा हक्क एकालाच कां असावा, याचें समर्पक उत्तर आम्हांला तरी सांपडलेलें नाहीं.

शेवटीं पाहुणेपणाच्या धर्माविषयीं चार शब्द. कोंकणांतील माणूस आपल्या घरांतील खोली देतो, आपल्याच चुलीवरचें जेवण वाढतो. तेथें जाणारा मुलगा म्हणजे त्याच्या घरचा पाहुणा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें रायगडच्या किनाऱ्यावर माड आणि पोफळी यांच्या बागा अक्षरशः आडव्या केल्या. पोफळीचें रोप लावल्यापासून तें फळाला येण्यास निदान पांच-सहा वर्षें जातात. तोंपर्यंत वाडीवाल्याच्या संसाराला आधार कशाचा, तर अशा पाहुण्यांचा. म्हणून मुलांनीं घरगुती खानावळींत जेवावें, निघतांना श्रीवर्धनी सुपारी, आमसुलें, फणसाचीं गरे घातलेलीं पोळी असें कांहीं तेथूनच विकत आणावें. वाळूंत बाटल्या फोडणें, रात्रीं मोठ्यानें गाणीं लावणें, किनाऱ्यावर गाड्या पळविणें हे प्रकार तेथील लोकांच्या मनाला लागतात, आणि केवळ माणसांनाच उपद्रव होतो असेंहि नाहीं. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्रकासवें वाळूंत अंडीं घालतात. चिपळूणच्या ‘सह्याद्रि निसर्ग मित्र’ या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साहाय्यानें त्यांचें रक्षण केलें, आणि जीं अंडीं पूर्वीं चोरीला जात त्यांतून निघालेलीं पिलें समुद्राकडे जातांना पाहण्यास आतां लोक दुरून येतात. वसंतांतल्या परीक्षेपूर्वीं चार दिवस सवड असेल तर हा सोहळा मुलांनीं जरूर पाहावा. एरव्हीं निदान त्या वाळूचा मान राखावा.

एवंच, मुलानें पुढच्या वेळीं विचारलें म्हणजे त्याला पंचांग हातीं द्यावें आणि सांगावें, “कोणत्या तिथीला जाणार तें ठरव, तेथील भरती-ओहोटीच्या वेळा काढून आजोबांना दाखव, घरमालकाचें नांव आणि क्रमांक आईजवळ लिहून ठेव, आणि पोंचल्याबरोबर कळव.” हें सारें जो आनंदानें करील, त्याला खुशाल जाऊं द्यावें. आणि घरांत कोणीं पुष्कळ वर्षांत समुद्र पाहिला नसेल, तर मुलांच्या मागून पुढच्या सुटींत आजी-आजोबांनाहि तेथें घेऊन जावें; तिथीवरून भरती कशी काढावी हें नातू आतां त्यांना सांगूं शकेल, आणि आपल्या लहानपणची वाडी कोणती हें त्या नातवाला सांगतील.