आजीबाईंचीही तालीम

आषाढी वारीत तुकोबांची पालखी निमगाव केतकीला मुक्कामी असते. पानमळ्यांच्या या गावात मी पाहिले, दिवसभर चालून आलेल्या एक आजी पंगतीतून उठताना मात्र शेजारणीचा हात धरत होत्या. एवढे चालणाऱ्या पायांना जमिनीवरून उठणे का जमू नये?

चालण्याने दम वाढतो. स्नायूंचे बळ ओझे पेलल्याने टिकते. चाळिशीनंतर स्नायू झिजू लागतात, पाळी गेल्यावर बायकांची हाडेही झपाट्याने विरळ होतात. मग न्हाणीत पाय घसरतो, खुबा मोडतो. माझी आई अशीच पडली, ती पुन्हा एकटीने अंगणात आली नाही.

‘जन्मभर शेतात राबलो, आता व्यायाम कशाला?’ असे बायका विचारतात. पण तासन्‌तास खुरपून शरीर थकते. बळ वाढायला ओझे हळूहळू वाढवावे लागते, मध्ये विसावाही लागतो.

उशीर झाला, असेही नाही. १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या दुबळ्या वृद्धांनी आठ आठवडे असा व्यायाम केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली वृद्धांना स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोनदा सांगितला.

गावची तालीम पोरांची. बायकांना बचत गटाची बैठक आहे. तिथेच खुर्चीवरून हात न टेकता उठबस करावी, पाण्याच्या भरल्या बाटल्या उचलाव्यात. दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. लेकी-सुनांचा आधार हवाच. पण उठायला आपलेच पाय हवेत.