कोणती लस निर्धोक?

कोविडची सांथ ओसरली, तरी ‘आपण घेतलेली लस निर्धोक होती काय?’ ही शंका घरोघरीं अद्यापि निघते. २०२४ च्या एप्रिलमध्यें लंडनच्या न्यायालयांतील कागदपत्रांविषयीं वृत्तें प्रसिद्ध झालीं व ती अधिकच बळावली. ती तेथेंच थांबती तर चिंता नव्हती. परंतु तान्ह्या नातवास गोंवराची लस टोंचावी कीं नाहीं, येथपर्यंत ती आतां येऊन ठेपली आहे. म्हणून या प्रश्नाचा शांतपणें विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम लशींचे प्रकार पाहूं. हैदराबादेच्या कोव्हॅक्सिनमध्यें मूळ विषाणूच मारून घातलेला असतो. पुण्यास तयार झालेली कोव्हिशील्ड म्हणजे ऑक्सफर्ड येथें निघालेली अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस; तींत चिंपांझीचा एक विषाणु, त्याची वाढण्याची शक्ति काढून घेऊन, केवळ वाहक म्हणून योजिला आहे. फायझर व मॉडर्ना यांच्या लशींत विषाणु नसतोच. त्याचें एक प्रथिन कसें घडवावें एवढा संदेश एम-आर-एन-ए या द्रव्याच्या द्वारें पेशींस पोंचविला जातो. कोर्बेव्हॅक्समध्यें त्या प्रथिनाचा अंशच टोंचतात.

प्रत्येकीचा दोष निराळा. वाहक विषाणूच्या लशीनें क्वचित् रक्तांत गुठळ्या होतात. ब्रिटनमधील नोंदींप्रमाणें पन्नाशीच्या आंतील सुमारें ५०,००० जणांत एकास हा विकार झाला, व त्यांतील कांहीं दगावले. एम-आर-एन-ए लशीच्या दुसर्‍या मात्रेनंतर, विशेषतः तरुण मुलग्यांत, हृदयाच्या स्नायूस दाह होतो. अमेरिकेंत १६-१७ वर्षांच्या मुलग्यांत हें प्रमाण १०,००० त सुमारें १ आढळलें, आणि बहुतेक बरे झाले. मृत विषाणूची लस जुन्या पद्धतीची, म्हणून ती आपोआप निर्दोष, असेंहि नाहीं. १९५५ सालीं अमेरिकेंत कटर कंपनीच्या पोलिओच्या लशींत विषाणु पुरता मेलेला नव्हता. तीमुळें सुमारें २०० जण पांगळे झाले व १० दगावले.

मग निवड कशी करावी? तराजूस दोन पारडीं असतात. लशीचा धोका एकांत घातला, तर रोगाचा दुसर्‍यांत घातलाच पाहिजे. लस नव्हती तेव्हां पंचविशींतील १०,००० बाधितांत सुमारें एक जण मरे. पंचाहत्तरींतील १०० बाधितांत चार-पांच मरत. म्हणूनच ७ एप्रिल २०२१ रोजीं ब्रिटनमध्यें तिशीच्या आंतील निरोगी माणसांस शक्य तर दुसरी लस द्यावी, व वृद्धांस मात्र अ‍ॅस्ट्राझेनेकाचीच देत राहावें, असें ठरलें. एकच लस आजोबांस तारक, तर नातवास टाळण्याजोगी! यास तारतम्य म्हणतात.

दुसरी गोष्ट तुलनेची. २०२४ मध्यें काशी हिंदु विश्वविद्यालयांतील एका निबंधांत, कोव्हॅक्सिन घेतलेल्या ९२६ जणांपैकीं बर्‍याच जणांस वर्षभरांत श्वसनाचे वगैरे विकार झाल्याचें म्हटलें होतें. परंतु लस न घेतलेल्यांस वर्षभरांत किती विकार झाले, हें ताडून पाहिलेंच नव्हतें! भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें हा आक्षेप घेतला, व त्या नियतकालिकानें तो निबंध पुढें मागें घेतला. कावळा बसावयास व फांदी मोडावयास गांठ पडली, एवढ्यानें फांदी कावळ्यानें मोडली असें होत नाहीं. उलट, गुठळ्यांचा दोष सिद्ध झाला तो अशाच काटेकोर तुलनेनें.

वरील गुठळ्यांचा विकार लस टोंचल्यापासून बहुधा चार ते सहा आठवड्यांच्या आंतच उद्‌भवतो. २०२१ सालीं कोव्हिशील्ड घेतलेल्यांनीं त्या भयानें आज झोंप मोडून घेण्याचें कारण नाहीं. ज्या थोड्या घरांत खरोखरच घात झाला, त्यांचें दुःख मात्र कोणीं आंकड्यांखालीं झांकूं नये. त्यांस साह्य मिळालें पाहिजे.

राहिली गोंवराची लस. तिचा अनुभव साठ वर्षांचा व कोट्यवधि बालकांचा आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईंत गोंवरानें बालकें दगावलीं, हेंहि विसरूं नये. कुटुंबांतील वडील मंडळींस आमचें सांगणें एवढेंच: सूनबाई बाळास घेऊन लस टोंचावयास निघाली असतां, वर्तमानपत्रांतील अर्धवट वाक्य तिच्या वाटेंत आडवें घालूं नका. शंका असेल तर डॉक्टरांस अवश्य विचारा. परंतु तराजूचीं दोन्हीं पारडीं पाहून मग विचारा.