वेग हवा की भरवसा?

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांची वस्ती वाढत गेली. त्या काळी लघुउद्योजकाला वीज, पाणी आणि भांडवलाची चिंता असे. आता चौथी चिंता आली आहे, ती इंटरनेटच्या जोडणीची.

२०१७ साली जीएसटी आला, २०१८ साली ई-वे बिल. १ ऑगस्ट २०२३ पासून तर पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यवसायांना ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. जोडणी बंद पडली, की माल भरलेली गाडी फाटकातच उभी! मोठे कारखाने सुट्या भागांचा फार साठा ठेवत नाहीत. त्यामुळे पुरवठादाराचा अर्ध्या तासाचा खोळंबाही महाग पडतो.

मग जोडणी कोणती घ्यावी? छत्रपती संभाजीनगरला चटकन कळेल अशा, म्हणजे पाण्याच्या भाषेत सांगू. लीज्ड लाइन ही आपल्यापुरती टाकलेली स्वतंत्र जलवाहिनी. शेजाऱ्याने कितीही उपसा केला तरी आपला दाब कायम. माहिती येण्या-जाण्याचा वेगही सारखाच. दाम मात्र सणसणीत. डीएसएल हा गल्लीतला नळ. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारी ही जोडणी बीएसएनएलने २००५ पासून घरोघर नेली. एक्स्चेंजपासून जितके दूर, तितकी धार बारीक. आता बहुतेक ठिकाणी तांब्याची जागा फायबरने घेतली आहे. धार वाढली, पण टाकी सामाईकच राहिली. वायरलेस म्हणजे टँकर. रस्ता खणायला नको, लगेच येतो. पण टॉवरवर गर्दी झाली की रांगेत उभे राहावे लागते.

इथे बँकेतला हिशेब उपयोगी पडतो. करारात ९९.५ टक्के सेवेची हमी असेल, तर महिन्याच्या ७२० तासांपैकी ३ तास ३६ मिनिटे लाइन बंद राहूनही करार पाळलाच जातो! हमी ९९.९ टक्के असेल, तर हीच मुदत ४३ मिनिटांवर येते. लीज्ड लाइनचे जादा पैसे वेगापेक्षा या हमीचे असतात. तो विम्याचा हप्ता आहे. एका तासाच्या खोळंब्याने आपले किती बुडते, हे आधी कागदावर मांडावे आणि मगच हप्ता ठरवावा. दहा कामगारांच्या वर्कशॉपला फायबर आणि जोडीला मोबाइल पुरे; ई-वे बिल मोबाइलवरूनही काढता येते. ज्याचे उत्पादनच दूरच्या सर्व्हरवरून चालते, त्याने मात्र लीज्ड लाइनमध्ये काटकसर करू नये.

आणखी एक मेख आहे. दोन कंपन्यांच्या दोन केबली घेतल्या, की माणूस निश्चिंत होतो. पण दोन्ही एकाच चरातून आल्या असतील तर? नव्या पाणीयोजनेसाठी शहरातले रस्ते कसे खणले गेले, ते आपण पाहिले आहे. जेसीबी कंपनीचे नाव वाचून केबल तोडत नाही. एकाच चरातल्या दोन केबली म्हणजे एकच सातबारा दोन कर्जांना तारण! एक वाट जमिनीतून घेतली, तर दुसरी हवेतून घ्यावी.

लघुउद्योजकाचे राहते घर बरेचदा बँकेकडे गहाण असते. म्हणून जोडणी विकायला येणाऱ्याला वेग किती, हे शेवटी विचारावे. बंद पडली तर किती तासांत सुरू कराल आणि न केल्यास भरपाई किती, हे आधी विचारावे. उत्तर तोंडी नको, करारात लिहून घ्यावे.