ह्याला बोंड कुठं लागतं?

चौथीत असताना गुरुजींनी फळ्यावर फूल काढलं. मधे एक गोल, गोलाभोवती पाच पाकळ्या, खाली सरळ दांडी, दांडीच्या दोन बाजूंना दोन पानं. खडूचे दहा-बारा फटकारे मारले आणि फूल तयार. "काढा रे," म्हणाले आणि हजेरीपट भरायला बसले. साठ पोरांनी साठ फुलं काढली. सगळी एकसारखी. शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच कपाशीचं रान होतं आणि ते फुलांनी भरलेलं होतं. त्या रानाकडं ना गुरुजींनी बघितलं, ना आम्ही.

संध्याकाळी आजीनं वही बघितली. तिला अक्षर येत नव्हतं, पण चित्र बघायची हौस होती.

"ह्ये काय काढलंस?"

"फूल."

"कशाचं?"

"फूल म्हंजे फूलच. कशाचं न्हाई."

"आसं कसं? कशाचं तरी आसंलच की." मग वही उलटीसुलटी करून म्हणाली, "आन् ह्याला बोंड कुठं लागतं?"

मला राग आला. पण प्रश्न डोक्यातून जाईना. रविवारी वही-पेन्सिल घेऊन मी बांधावर जाऊन बसलो आणि कपाशीचं एक झाड काढायला घेतलं. तोवर मी हजारदा बघितलेलं झाड. पण काढायला बसल्यावर कळलं, की मी ते बघितलेलंच नाही. पाकळ्या पाचच होत्या, गुरुजींचा आकडा काही खोटा नव्हता. पण त्या गोलाला चिकटवल्यागत नव्हत्या. प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या खाली गेलेली होती, लुगड्याच्या निऱ्या जशा एकीखाली एक सरकवतात तशी. फुलाच्या बुडाशी कातरलेल्या काठाची तीन हिरवी पानं होती आणि त्यांच्या आत, पाकळ्यांच्या मुळाशी, आजीनं विचारलेली जागा होती. बोंड तिथं लागतं. शिवाय त्याच झाडावर दोन रंगांची फुलं होती. आजचं पिवळसर पांढरं, कालचं गुलाबी. मी दोन्ही काढली आणि रंगवली.

सोमवारी गुरुजींनी चित्र बघितलं. "एकाच झाडाला दोन रंगांची फुलं लागतात का रे, गाढवा? फूल असं असतं?" लाल फुली मारली आणि वही वर्गाला दाखवली. वर्ग हसला.

गुरुजींच्या फुलीचं मला आता काही वाटत नाही. वाटतं ते वर्गाच्या हसण्याचं. ती सगळी कापूस वेचणारी पोरं होती. कपाशीचं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं हे त्यांतल्या एकेकाला ठाऊक होतं. तरी हसली. का? तर फळ्यावरचं फूल खरं आणि रानातलं चुकीचं, हे तोवर त्यांना पटलं होतं. चार वर्षांत शाळेनं आम्हाला फूल काढायला शिकवलं नाही. आमच्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं मानायला शिकवलं. माझं भांडण आहे ते याच्याशी, आणि ते पन्नास वर्षांनीही मिटलेलं नाही. कारण आजही कुठल्याही खेड्यातल्या शाळेत जा, भिंतीवर तेच फूल टांगलेलं असतं. गोल, पाच पाकळ्या, दोन पानं. त्याला ऊन लागत नाही, ते कोमेजत नाही, त्याला माशी बसत नाही आणि फळ धरत नाही.

यावर लोक मला तीन गोष्टी ऐकवतात.

पहिली अशी, की साचा वाईट कसा? तुमची आजीसुद्धा रांगोळीत ठिपक्यांचं कमळ काढतच होती. काढत होती, आणि फार सुरेख काढत होती. पण ते कमळ तळ्यातलं आहे असं ती कधी म्हणाली नाही. ती दारातली शुभखूण होती. रांगोळीचा साचा दाखवून तिनं कुणाच्या रानातल्या फुलावर फुली मारली नाही. नक्कल करण्यालाही माझा विरोध नाही. आमच्या मराठवाड्यातच अजिंठा आहे. 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी तिथं येऊन वर्षानुवर्षं चित्रांच्या नकला करत होते. पण ते ज्यांची नक्कल करत होते, त्यांनी आधी कमळ बघितलं होतं. तिथल्या छतांवरची कमळं बघा. एक मिटलेलं, एक अर्धं उमललेलं, एक बाजूनं दिसणारं. पंधराशे वर्षांपूर्वी कुणीतरी तळ्याकाठी बसल्याशिवाय हे होत नाही. आमच्या गुरुजींनी कशाची नक्कल केली होती? दुसऱ्या फळ्याची.

दुसरी गोष्ट: साठ पोरं, एक मास्तर, रंग नाहीत, कागद नाही, करणार काय? हे खरं आहे आणि मास्तरांची कीव मलाही येते. पण खेड्यात ज्या एका गोष्टीचा तुटवडा नाही, ती म्हणजे फूल. त्याला निविदा लागत नाही, अनुदान लागत नाही. भोपळ्याच्या वेलाची दोन फुलं आणून टेबलावर ठेवा. एकाखाली नुसता देठ असतो, दुसऱ्याखाली करंगळीएवढा भोपळा. नर कुठलं, मादी कुठलं, हे पोरं आईकडून शिकून आलेली असतात. त्यांना फक्त एवढंच म्हणायचं, "दोन्ही काढा, फरक दिसू द्या." भुईमुगाचं पिवळं फूल काढायला लावा आणि पुढच्या आठवड्यात आऱ्या सुटल्या की त्याच झाडाचं चित्र पुन्हा काढायला लावा. फूल वर आणि शेंग मातीत, हे कोडं पोरं पेन्सिलीनं सोडवतील. जवसाचं निळं फूल सकाळच्या तासालाच काढावं लागतं, दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. म्हणजे वेळापत्रकही फूलच ठरवेल. यात खर्च कुठला आला?

तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त ऐकू येते आणि ती आमचेच लोक बोलतात. शेतकऱ्याच्या पोराला चित्रकला हवीच कशाला? नोकरी लागणार आहे का तिच्यावर? आता शासकीय रेखाकला परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून तेवढ्यापुरती चित्रकला चालते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला पोरं बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळ्यांचे साचे पाठ करून. स्मरणचित्रात आठवडी बाजार काढतात, पण तो आपल्या गावचा नाही, सरावाच्या कागदावरचा. परीक्षेचा हेतू चांगलाच असेल. आम्ही तिचं काय केलं ते सांगतोय.

चित्रकला कशाला हवी, याचं माझं उत्तर 2017 सालचं आहे. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भ-मराठवाड्यातली कपाशी खाल्ली. 2002 साली बीटी बियाणं आलं तेव्हापासून बोंडअळी गेली असंच सगळे धरून चालले होते. मी गावी गेलो तेव्हा पुतण्यानं मोठ्या हौसेनं रान दाखवलं. "काका, फुलं बघा किती लागलीत." हा पोरगा इंटरमिजिएटला ए श्रेणीत आलेला. आम्ही दोघं फुलांकडं बघत उभे होतो आणि खुरपायला आलेली एक बाई जाता जाता म्हणाली, "दादा, ही फुलं उमलंना झाल्यात की. मिटूनच बसल्यात."

जवळ जाऊन बघितलं. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, पिळा बसल्यासारख्या, अर्ध्या मिटलेल्या गुलाबागत. डोमकळी म्हणतात तिला. पाकळ्या सोडवल्या तर आत अळी. अशी कळी दिसली की तोडून नष्ट करायची असते, नाहीतर अळी पुढं बोंडात जाते. आम्ही बघितलं तोवर उशीर झाला होता. पुढं बोंडं फुटली तेव्हा आतला कापूस कवडी निघाला.

आता कुणी म्हणेल, चित्र काढून अळी मरते का? नाही मरत. त्या वर्षीच्या नुकसानीला बियाणं, पाऊस, बाजार, धोरण अशी पुष्कळ कारणं होती आणि ती सगळी मी पुतण्याच्या डोक्यावर ठेवणार नाही. पण एवढं नक्की म्हणेन, की ज्यानं एकदा बांधावर बसून उमललेलं फूल कडेकडेनं काढलंय, त्याला न उमललेलं फूल लांबून खटकतं. त्या बाईला खटकलं, कारण तिच्या डोळ्यांवर कुणी फळा टांगला नव्हता. आमच्या ए श्रेणीला खटकलं नाही. त्याला दूरवर पांढरे-गुलाबी ठिपके दिसले आणि डोक्यातल्या साच्यानं सांगितलं, फूल आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. शाळेच्या भिंतीवरचं ते फूल उतरवा. आठवड्यातून एक तास पोरांना बांधावर बसवा. आधी फुलाची पाठ काढायला शिकवा, तोंड मागून. देठ कुठं जोडलाय, हिरवी पानं किती, फळ धरायची जागा कुठली. चित्र वेडंवाकडं आलं तर येऊ द्या. गुण द्यायचेच असतील तर त्यानं काय बघितलं त्याला द्या. आणि पोरानं असं काही काढलं जे तुम्हाला चुकीचं वाटतंय, तर लाल पेन उचलण्याआधी त्याच्याबरोबर त्या झाडापाशी जा.

माझी ती वही घर पाडताना कुठं गेली, कळलं नाही. पण नातीला चित्र काढताना बघतो तेव्हा मी फक्त दोन प्रश्न विचारतो. कशाचं आहे? आणि ह्याला फळ कुठं लागतं? परवा ती चिडली आणि म्हणाली, "थांबा आजोबा, बघून येते." आणि चप्पल न घालताच परसात पळाली.