रजेवरचा गोलंदाज

१२ जून २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये टी-२० विश्वचषकाच्या भारत-अमेरिका सामन्यात रोहित शर्मा बाद झाला, तेव्हा धावफलकावर जे उमटलं ते पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाडीतलं संभाषण वाटावं. फलंदाज बोरिवलीच्या शाळेतला, झेल घेणारा हरमीत सिंग त्याच शाळेतला आणि त्याच प्रशिक्षकांचा, दिनेश लाड सरांचा, शिष्य, गोलंदाज सौरभ नेत्रावळकर मालाडचा. त्याआधी पहिल्याच षटकात नेत्रावळकरने विराट कोहलीला त्याने खेळलेल्या पहिल्याच चेंडूवर घरी धाडलं होतं. भारत सामना जिंकला. पण दुसऱ्या दिवशी मालाड स्टेशनपासून मढच्या कोळीवाड्यांपर्यंत चर्चा होती ती हरलेल्या संघातल्या गोलंदाजाचीच. दिवस मासेमारी बंदीचे, बोटी शाकारून ठेवलेल्या, त्यामुळे चर्चेला वेळही भरपूर.

त्याच्या आधीच्या आठवड्यात, ६ जूनला, डलासमध्ये त्याने सुपर ओव्हरमध्ये पाकिस्तानला १३ धावांवर रोखून अमेरिकेला जिंकून दिलं होतं. हा माणूस ओरॅकल कंपनीत संगणक अभियंता आहे, विश्वचषक रजा टाकून खेळतोय, हॉटेलवर परतला की लॅपटॉप उघडतो, हे कळल्यावर लोकांनी ‘त्याची रजा वाढवा’ म्हणून कंपनीला गळ घातली. गंमत म्हणून ठीक. पण घरोघरी या गोष्टीचं जे तात्पर्य काढलं गेलं, ते मात्र खटकतं. ‘बघ, आधी शिक्षण पुरं केलं म्हणून निभावला.’ मुलाची बॅट माळ्यावर टाकायला आई-बापांना आयतं उदाहरण मिळालं.

गोष्ट नीट वाचली तर वेगळीच निघते. २०१० च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात हा डावखुरा पोरगा के. एल. राहुल, जयदेव उनाडकट, मयंक अगरवाल यांच्या बरोबरीने भारतासाठी खेळला. अंधेरीच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूटमध्ये इंजिनिअरिंग करता करता त्याने चेंडू सोडला नाही. २०१३ मध्ये पदवी मिळाल्यावर नोकरी बाजूला ठेवून क्रिकेटला दोन वर्षं दिली. मुंबईच्या रणजी संघाकडून त्याच्या वाट्याला आला एक सामना. २०१५ मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठात एम.एस. करायला गेला तेव्हा सामानात खेळाचे बूटसुद्धा नव्हते. खेळ संपला, असं धरूनच तो निघाला होता. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

पुढचं सगळं नशिबाचं आणि त्याच्या अंगातल्या खाजेचं. आठवडाभर ओरॅकलमध्ये काम करायचं आणि शनिवार-रविवारी बऱ्या खेळपट्टीसाठी सॅन फ्रान्सिस्कोहून सहा तास गाडी हाकत लॉस एंजेलिस गाठायचं. २०१८ मध्ये तो अमेरिकेचा कर्णधार झाला. तिथल्या कॉलेजात बेसबॉलचा चेंडू फेकणाऱ्या पिचरला शिष्यवृत्ती मिळू शकते. खांदा गेला, वरच्या लीगने विचारलं नाही, तरी पदवी हातात उरते. आपल्याकडच्या गोलंदाजाला ही सोय स्वतःच्या खर्चाने, जागरणाने आणि घरच्यांच्या जिवावर करावी लागते. नेत्रावळकरने ती केली, याबद्दल त्याला सलाम. पण हजारात एकाला जमलेली कसरत म्हणजे व्यवस्था नव्हे.

आणि मुंबईत व्यवस्था होती, हे विसरून चालणार नाही. टाइम्स शिल्ड या कार्यालयीन क्रिकेट स्पर्धेत खेळणाऱ्या कंपन्या खेळाडूंना पगारी नोकरीत घेत. सकाळी सराव, मग कार्यालय, सामना असेल तेव्हा हजेरी माफ. गोरेगावच्या निर्लॉनकडून गावसकर खेळले, रवी शास्त्री खेळला. त्यांचं सोडा, ते कुठेही चमकले असते. महत्त्वाचे होते ते त्यांच्या मागचे आठ-दहा जण, ज्यांची नावं आज कुणाला आठवणार नाहीत, पण ज्यांची चूल पेटत राहिली आणि चेंडूही पडत राहिला. निर्लॉनच्या कृत्रिम धाग्याच्या कारखान्याच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. त्यांत संगणकापुढे हजारो माणसं बसतात.

मढच्या पोरांचं काय? टेनिस चेंडूवर यॉर्करमागून यॉर्कर टाकणारे हात इथल्या कोळीवाड्यांत कमी नाहीत. मालिकावीराला दुचाकी मिळते, गळ्यात हार पडतो, डीजे वाजतो. २०२४ मध्ये टेनिस चेंडूची एक लीग ठाण्यात सुरू झाली, तिथं मूठभरांचा लिलावही होतो. बाकीचे बंदी उठली की बोटीवर. यातल्या कुणाला लेदर चेंडू धरायचा असेल, तर पहाटे बस पकडून मालाड, तिथून चर्चगेट लोकल, मांडीवर किट, आणि मैदानावर पोहोचेपर्यंत निम्मा दम संपलेला. अशा पोराला कॉर्नेलचा दाखला देणं म्हणजे निव्वळ चेष्टा.

गोरेगावच्या त्या काचेच्या इमारतींतल्या कंपन्यांनी मनावर घेतलं आणि दरवर्षी दोन-चार गोलंदाज पगारावर ठेवले, तर रजेचा अर्ज अमेरिकेत जाऊन करावा लागणार नाही. मालाडहून गोरेगाव पुढचंच स्टेशन आहे.